स्वमग्न बालक आणि घरची शाळा

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत ज्ञानेंद्रियांचा पाठ चालला असतां एका विद्यार्थिनीनें हात वर करून विचारिलें, "सर, ज्याला ऐकूं येतें, पण हांक मारली तरी जो वळून पाहत नाहीं, त्याच्या कानांत दोष असतो कीं मेंदूंत?" वर्गांतील कांहीं मुलें हंसलीं. ती हंसली नाहीं. तास संपल्यावर ती मागें थांबली आणि तिनें आपल्या धाकट्या भावाची हकीकत सांगितली. मुलगा चार वर्षांचा. डब्याचें झांकण भोंवऱ्यासारखें फिरवीत तो तासन् तास बसतो. कुकरची शिट्टी झाली कीं कान झांकून किंचाळतो. तहान लागली तर बोलत नाहीं, बोटहि दाखवीत नाहीं. आईचें मनगट धरून तिला माठाकडे ओढीत नेतो. घरच्यांनीं दृष्ट काढून पाहिली, एका देवर्षीकडेहि नेऊन आणिलें. शेजारणींचें मत असें कीं, आई सुप्याच्या एम.आय.डी.सी.मध्यें कामास जाते, मुलाकडे पाहण्यास कोणी नाहीं, म्हणून तो असा झाला. "सर, तो बोलेल का?" हा तिचा शेवटचा प्रश्न. त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या प्रश्नाच्या पाठीमागें लागून जें वाचलें, जाणत्यांस विचारिलें व डोळ्यांनीं पाहिलें, त्यांतून हा लेख लिहिला आहे.

आरंभींच एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. मी नवीन शिक्षक असतांना दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. घंटा वाजली कीं तो बाकाखालीं शिरे. रांगेंतील त्याची जागा बदलली तर रडून आकांत करी. एस.टी.च्या गाड्यांच्या वेळा त्यास मुखोद्गत होत्या, परंतु "तुझें नांव काय?" असें विचारिलें तर "तुझें नांव काय?" हाच प्रश्न तो त्याच स्वरांत मला परत करी. मी तो उद्धटपणा समजलों आणि त्यास छडी मारिली, एकदांच नव्हे. ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत म्हणणें ही अशा कित्येक मुलांची भाषा शिकण्याची रीतच असते, हें मला जवळजवळ वीस वर्षांनीं कळलें. तो मुलगा सहामाहीनंतर शाळेंत आला नाहीं.

स्वमग्नता, जिला इंग्रजींत ऑटिझम म्हणतात, ती तापाप्रमाणें येणारी व जाणारी नव्हे. मेंदूची घडणच निराळ्या वळणानें होते, आणि त्यामुळें इतरांशीं देवाणघेवाण करण्याची रीत, भाषा व इंद्रियांची संवेदना हीं सर्व निराळीं होतात. मुलींपेक्षां मुलग्यांमध्यें ती कित्येक पटींनीं अधिक आढळते. रशियांतील सुखारेवा या विदुषीनें १९२५-२६ च्या सुमारास अशा मुलांचें वर्णन केलें होतें. पण त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. जगाचें लक्ष वेधलें तें बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांच्या १९४३ सालच्या निबंधानें. त्यांत आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांची हकीकत आहे. ज्याच्या त्याच्या जागीं वस्तु राहावी, रोजचा क्रम मोडूं नये, असा त्या मुलांचा आग्रह कॅनर यांनीं फार बारकाईनें टिपला आहे. पुढच्या वर्षीं व्हिएन्ना येथें आस्पेर्गर यांनीं अशाच कांहीं मुलांविषयीं लिहिलें.

पुढें मात्र या शास्त्रानें आयांवर मोठाच अन्याय केला. मूल असें होतें याचें कारण आई बर्फाच्या पेटीसारखी थंड असते, असें मोठमोठे विद्वान सांगूं लागले, आणि सुमारें वीस वर्षें असंख्य माता तो डाग कपाळीं घेऊन वावरल्या. सुप्याच्या शेजारणी जें म्हणतात तें अमेरिकेच्या प्राध्यापकांनींहि म्हटलें होतें, हें ऐकून त्या विद्यार्थिनीस थोडें नवल वाटलें. या मताचें खंडन १९६४ सालीं बर्नार्ड रिम्लँड या गृहस्थानें केलें. तो अमेरिकन आरमारांत मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याचा स्वतःचा पुत्र स्वमग्न होता. पुढें १९७७ सालीं जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा वांटा किती मोठा आहे हेंहि दिसून आलें. तेव्हां पालकहो, आई कामास गेली म्हणून, किंवा लहानपणीं मूल आजीपाशीं राहिलें म्हणून स्वमग्नता येत नाहीं. गोवराच्या लसीनेंहि ती येत नाहीं. तसा समज पसरविणारा १९९८ सालचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेंच २०१० सालीं मागें घेतला.

आतां उपचाराकडे वळूं. उपचार हा शब्द मी नाइलाजानें वापरतों. खरें पाहतां हें शिक्षणच आहे. वर्तनोपचाराचें मूळ तत्त्व कोणत्याहि आजीला ठाऊक असतें. ज्या कृतीमागून मुलास हवें तें मिळतें ती कृति तें पुन्हां करतें. जिच्यामागून कांहींच मिळत नाहीं ती हळूहळू सोडतें. शास्त्रज्ञांनीं यांत घातलेली भर ती दोन गोष्टींची. एक, मोठें काम लहान लहान पायऱ्यांत फोडणें. आणि दुसरी, काय घडलें तें अंदाजानें न सांगतां लिहून, मोजून पाहणें.

या रीतीची एक जुनी कथा विस्तारानें सांगण्याजोगी आहे. वोल्फ, रिस्ली व मीझ या तिघांनीं ती १९६४ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील एका मनोरुग्णालयांत साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें शस्त्रक्रियेनें काढावीं लागलीं होतीं. आतां चष्मा लाविला नाहीं तर दृष्टि कायमची अधू होणार, असें डॉक्टरांचें म्हणणें. आणि मुलगा तर चष्म्यास तोंडाजवळ येऊंच देईना. बळजबरी केली कीं तो आकांत करी, डोकें आपटी. या मंडळींनीं काय केलें? भिंगें नसलेल्या रिकाम्या चौकटी त्याच्या खोलींत ठेवून दिल्या. मुलानें चौकट उचलली कीं खाऊचा एक तुकडा. ती हातांत धरून राहिला कीं तुकडा. डोळ्यांकडे नेली कीं तुकडा. काम फार सावकाश चाललें. चौकट कधीं उलटी, कधीं तिरपी लागे. कानांवर दांडी बसविण्याची पायरी तर अतिशय अवघड गेली. पुढें न्याहारीचे घांसच बक्षीस म्हणून देऊं लागले, आणि मग चौकटींत भिंगें आलीं. रुग्णालय सोडण्याच्या वेळीं तो मुलगा दिवसाचे सुमारें बारा तास चष्मा लावीत होता.

जेवणाचा घांस बक्षीस म्हणून वापरणें मला रुचत नाहीं, आणि आज जाणते लोक तसें करण्यास सांगतहि नाहींत. परंतु तेथें दृष्टि जाण्याची वेळ आली होती, हेंहि विसरून चालणार नाहीं. मला या कथेंत महत्त्वाचा वाटतो तो तिचा उत्तरार्ध. त्या मंडळींनीं मुलाच्या आईबापांस बोलावून तीच रीत त्यांच्या हातीं दिली, आणि मग मुलगा घरीं गेला. रुग्णालयांत शिकलेलें घरीं टिकावयाचें तर घरच्या माणसांनीं शिक्षक झालें पाहिजे, हा विचार तेथें स्पष्ट दिसतो.

याच मार्गानें पुढें गेले ते लॉस एंजेलिस येथील प्राध्यापक लोवास. १९८७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, एकोणीस लहान मुलांस आठवड्याचे सुमारें चाळीस तास, दोन वर्षांहून अधिक काळ, मुख्यतः त्यांच्या घरीं जाऊन शिकविलें असतां त्यांपैकीं नऊ मुलें पहिलीच्या साधारण वर्गांत बसूं शकलीं व बुद्धिमापनांत इतर मुलांच्या बरोबरीस आलीं. शिकविणारे कोण? विद्यापीठाचे विद्यार्थी! ही वार्ता जगभर पसरली आणि असंख्य आईबापांस आशा वाटूं लागली. पण नाण्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मुलांची वांटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, म्हणून त्या निष्कर्षावर पुष्कळ आक्षेप आले. या पद्धतीवरील पुढील अभ्यास तपासून २०१८ सालीं कॉक्रेन या संशोधन-समीक्षा करणाऱ्या मंडळानें असा निर्वाळा दिला कीं, कांहीं मुलांस लाभ होतो असें दिसतें, परंतु पुरावा दुबळा आहे. शिवाय त्या आरंभीच्या काळांत मुलांस दरडावणें, मांडीवर चापट मारणें, फार काय विजेचा झटका देणें, हे प्रकारहि झाले. छडीचा धनी मीहि आहें, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला फारसा नाहीं. तथापि भीतीनें मूल गप्प बसतें, शिकत नाहीं, एवढें मी अनुभवानें सांगूं शकतों.

हल्लीं स्वमग्न असलेलीं व आतां प्रौढ झालेलीं कित्येक माणसें स्वतःच्या बालपणाविषयीं लिहूं लागलीं आहेत. "डोळ्यांत पाहा, हात हलवूं नको" असा धाक घालून आम्हांस दुसऱ्यासारखें दिसावयास शिकविलें, त्याचा आम्हांस त्रासच झाला, असें त्यांच्यापैकीं अनेकांचें सांगणें आहे. तें मला पटतें. ज्या मुलास हातानें झांकण फिरवून शांति मिळते त्याचें झांकण हिसकावून काय साधणार? त्याला पाणी मागतां यावें, सदरा घालतां यावा, रस्त्यावर हात धरून चालतां यावें, दुखतें कोठें तें सांगतां यावें, एवढ्यासाठीं हें शिक्षण आहे. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन बाई, ज्यांनीं गुरांस न बिथरवितां हाताळण्याच्या गोठ्यांची रचना करून मोठें नांव मिळविलें, त्या साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. घरीं ठेविलेली एक दाई त्यांच्याशीं तासन् तास पाळीपाळीनें खेळावयाचे खेळ खेळे, असें त्यांनीं सांगितलें आहे. हा खेळ आपल्या प्रत्येक अंगणांत चालतो: एकदां चेंडू तूं टाक, एकदां मी.

परंतु चाळीस तास शिकविणारा माणूस आपण कोठून आणावा? सुप्यांत बदलीवर वा कामानिमित्त आलेलीं कुटुंबें पुष्कळ. घरांत आजी नाहीं, काका नाहींत. तज्ज्ञ गांठावयाचा तर नगर किंवा पुणें. म्हणून गोव्यांत झालेलें एक काम मला फार मोलाचें वाटतें. तेथें १९९६ सालापासून संगाथ नांवाची संस्था आहे. तिनें, पाकिस्तानांतील रावळपिंडीच्या व इंग्लंडांतील संशोधकांच्या सहकार्यानें, पुढील प्रश्न हातीं घेतला: जो डॉक्टर नाहीं, मानसशास्त्रज्ञ नाहीं, अशा साध्या शिकलेल्या आरोग्य-कार्यकर्त्यास तयार करून घरोघर पाठविलें, तर स्वमग्न मुलांच्या आईबापांस त्याचा उपयोग होईल काय? दोन ते नऊ वर्षांचीं पासष्ट मुलें निवडलीं. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून बत्तीस मुलांच्या घरीं हें काम झालें. तेहतिसांस नेहमीचेंच साहाय्य मिळालें. सहा महिन्यांत बारा भेटी. निष्कर्ष २०१६ सालीं लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय पत्रांत छापला गेला.

भेटींत चालतें तें असें. आई मूलासह खेळते आणि कार्यकर्ती त्याचें थोडा वेळ चलचित्र घेते. मग दोघी मिळून तें पाहतात. कार्यकर्ती चुका काढीत नाहीं. "हें पाहा ताई, येथें तुम्ही क्षणभर थांबलांत, आणि त्यानें तुमच्याकडे पाहिलें," असें ती दाखविते. बहुतेक आयांची प्रेमापोटींच एक खोड असते: मूल गाडीचें चाक फिरवीत असतें आणि आई विचारते, हा रंग कोणता? ही गाडी कोठें चालली? मोजून दाखव पाहूं! मूल आणखीच पाठमोरें होतें. येथें आईस शिकविलें जातें कीं, तूं त्याच्या चाकाकडे जा, चाक फिरलें कीं "फिरलें!" एवढेंच म्हण, आणि थांब. घरीं रोज थोडा वेळ हाच अभ्यास करावयाचा. याचा परिणाम असा कीं, आया मुलाच्या कलानें बोलूं लागल्या, आणि मुलें आपण होऊन संवादाचा आरंभ अधिक वेळां करूं लागलीं. मात्र आई व मूल यांचें एकाच वस्तूकडे मिळून लक्ष असण्याचा काळ वाढला नाहीं, उलट कांहींसा घटला. आणि संशोधकांनीं तेंहि प्रांजळपणें नोंदविलें. काटेकोर अर्थानें हा बक्षिसाचा वर्तनोपचार नव्हे. येथें मुलाच्या मागोमाग मोठ्यानें जावयाचें असतें. दोन्ही रीतींची सांगड घालण्यांत मला कांहीं वावगें दिसत नाहीं. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि पालकांसाठीं असाच एक अभ्यासक्रम तयार केला. त्यांत नऊ सामुदायिक बैठका व घरीं तीन भेटी आहेत.

आतां त्या विद्यार्थिनीच्या घरीं काय झालें तें सांगतों. प्रथम मुलाचे कान तपासून घेतले. तें सर्वांआधीं केलें पाहिजे. डॉक्टरांनीं स्वमग्नतेचें निदान केलें. नंतर एका शिकलेल्या बाईंच्या सल्ल्यानें मुलीनें एक वही घातली. प्रत्येक पानावर तीन रकाने: आधीं काय घडलें, त्यानें काय केलें, मग काय झालें. पंधरा दिवसांनीं वही पाहिली तों ज्यास घरांतले हट्ट म्हणत होते त्याचे दोन निरनिराळे प्रकार दिसले. सायंकाळचें किंचाळणें बहुधा कुकरच्या शिट्टीपाशीं सुरू होई. तो हट्ट नव्हता, त्याला तो आवाज खरोखरच सोसवत नव्हता. कुकर लावण्यापूर्वीं त्याला अंगणांत न्यावयाचें, इतक्यानें तें पुष्कळसें मिटलें. दुपारचें लोळणें मात्र मोबाइलसाठीं असे, आणि वडील कंटाळून शेवटीं तो त्याच्या हातीं देत. म्हणजे लोळण घेणें हीच मोबाइल मागण्याची भाषा आहे, असें वडिलांनींच त्यास शिकविलें होतें! त्यांनीं तो देणें बंद केलें तेव्हां पहिल्या आठवड्यांत रडणें वाढलें. हें असेंच व्हावयाचें. जी किल्ली नेहमी चालते ती अडली म्हणजे माणूस ती आधीं जोरानें फिरवितो. याच वेळीं हार खाल्ली तर मूल अधिक मोठ्यानें रडावयास शिकतें. मात्र मूल स्वतःस इजा करून घेत असेल, तर घरच्या घरीं प्रयोग करीत न बसतां डॉक्टरांस विचारावें. आणि नुसतें बंद करून भागत नाहीं. मागण्याची दुसरी वाट द्यावी लागते.

ती वाट चित्रांची. अमेरिकेंत बाँडी व फ्रॉस्ट यांनीं १९८५ सालापासून ही रीत रूढ केली: मुलानें वस्तूचें चित्र उचलून माणसाच्या हातांत द्यावयाचें, आणि माणसानें ती वस्तु तत्काळ द्यावयाची. चित्रें दिलीं तर मूल बोलणारच नाहीं, अशी पालकांस धास्ती वाटते. ती निराधार आहे. मुलीनें पुठ्ठ्यावर पेल्याचें चित्र काढिलें. पहिल्यानें आई समोर पेला धरून बसे आणि मुलगी मागून भावाचा हात धरून चित्र उचलवी. मग मनगट धरणें, मग कोपरास नुसता स्पर्श, मग कांहींच नाहीं. आधार कमी करीत नेणें हें देण्याइतकेंच महत्त्वाचें. नाहीं तर मूल आधाराचीच वाट पाहतें.

सदऱ्याचा पाठ तर उलट्या टोंकापासून दिला. सगळा सदरा आईनें घालावयाचा, आणि पोटावरून खालीं ओढण्याचें शेवटचें काम तेवढें त्याच्यासाठीं ठेवावयाचें. तें जमलें कीं त्याच्या मागची पायरी, म्हणजे दुसरी बाही. यामुळें प्रत्येक वेळीं काम त्याच्याच हातून पुरें होतें. बटणांचें काम अद्याप चालू आहे.

ज्या घरीं लहान मूल आहे त्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें: वर्षाचें झाल्यावरहि नांवास ओ देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकहि शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःचें दोन शब्दांचें वाक्य नसेल, किंवा आलेलें बोलणें नाहींसें झालें असेल, तर "मुलगे उशिरांच बोलतात" असें म्हणून थांबूं नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक २०१३ सालापासून अंगणवाड्यांत येतें, तेथें विचारावें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशा बालकाचा शाळेंतील प्रवेश ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

राहतां राहिला तो तिचा प्रश्न. फ्रान्समध्यें १८०० सालीं आव्हेरों प्रांतांत रानांत सांपडलेला एक मुका मुलगा पॅरिसला आणिला होता. तोहि स्वमग्न असावा असें आज कित्येकांस वाटतें. इटार नांवाच्या तरुण डॉक्टरनें व गेरें नांवाच्या बाईंनीं त्याला घरच्या मुलाप्रमाणें सांभाळून शिकविलें. दूध हवें असेल तर "दूध" म्हण, यासाठीं इटारनें पेला पुढें धरून पुष्कळ वाट पाहिली. मुलगा बोलला नाहीं. हताश होऊन पेला दिला, दूध ओतलें, आणि मग त्या मुलानें फ्रेंच भाषेंतला दुधाचा शब्द उच्चारला. इटार खिन्न झाला, कारण शब्द आला तो मागण्यासाठीं नव्हता. मला त्याच्या खिन्नतेचें थोडें आश्चर्य वाटतें.

मीं विद्यार्थिनीस खरें तें सांगितलें. कांहीं मुलें उशिरां बोलतात, कांहीं थोडकेंच बोलतात, कांहीं कधींच बोलत नाहींत. तुझा भाऊ कोणत्या वाटेनें जाईल तें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. तिनें मान हालविली. दिवाळीच्या सुटीनंतर ती सांगत आली कीं, ती अभ्यास करीत असतां भाऊ उठला, आईकडे न जातां तिच्याकडे आला आणि पेल्याचें चित्र तिच्या उघड्या भूगोलावर ठेवून उभा राहिला. तिला क्षणभर सुचेनाच काय करावें. मग धांवत जाऊन तिनें पाणी आणिलें. पेला रिता झाल्यावर तो "प्पा" म्हणाला. असा आवाज तो हल्लीं रोज काढतो. आई म्हणते, तो पाणी म्हणतो. वडिलांचें म्हणणें, पप्पा. घरांत यावर एकमत झालेलें नाहीं.